कडा तिरका कसा आला

हिरकणीवाडीत रोपवेच्या खालच्या स्थानकाजवळ एका टपरीत ताक घेत बसलो होतो. पिशवीतून रायगड काढला आणि बाकावर ठेवला. ताटाएवढा, करड्या प्लास्टिकचा रायगड. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर तो छापून निघायला दीड दिवस लागला होता. त्याआधीच्या खेपेला एक कोपरा तळापासून उचलला गेला आणि चौदा तासांचं काम टाकून द्यावं लागलं, त्यामुळे हा दुसरा जरा जास्तच जिवाचा. टपरीच्या मावशींनी हात पदराला पुसले आणि मॉडेलवरून बोट फिरवलं. टकमक टोक त्यांनी लगेच ओळखलं. मग वर गडाकडे पाहिलं, परत खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, ह्यो काय हिरकणीचा कडा न्हाय. ह्यावरनं म्हातारीबी उतरंल."

खरंच होतं. समोरचा कडा ताशीव, सरळ तुटलेला. माझ्या मॉडेलमध्ये त्याच जागी घसरगुंडी. कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी ठेवलेल्या तान्ह्यासाठी हिरकणी नावाची गवळण कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. तिथून कोणी उतरू शकेल असं कोणाला वाटलंच नव्हतं, म्हणून ती जागा मोकळी होती. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि त्या जागी बुरूज घातला, असं इथली माणसं सांगतात. माझ्या मॉडेलवर ही गोष्ट घडूच शकली नसती. उतरण्यात काही विशेष उरलंच नव्हतं.

कडा तिरका का आला याचं उत्तर शोधू लागलो, तर मला या यंत्राच्या कुळापर्यंत मागे जावं लागलं.

वस्तू घडवायच्या दोन वाटा आहेत. मोठ्या तुकड्यातून नको तेवढं काढून टाकायचं, ही पाथरवटाची वाट. लेथ आणि मिलिंगची यंत्रंही तिच्यावरच चालतात. दुसरी वाट काही नसलेल्या जागी भर घालत जाण्याची. कुंभारीण माशी मातीच्या ओल्या गोळ्या आणून भिंतीच्या कोपऱ्यात घर बांधते ते असं. उद्योगाच्या कागदांत या वाटेला ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. कारखान्यात आणि बाजारात सगळे थ्रीडी प्रिंटिंगच म्हणतात. रायगडावर या दोन वाटा एकत्र येतात. गडावर टाकं खोदायचं आणि त्यातून निघालेल्या दगडानं तट-वाडे उभारायचे, ही आपल्या गडबांधणीची रीतच होती. कोरण्यातून जे उरलं तेच रचायला घेतलं. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांसारख्या स्थपतीला दगड वाया घालवणं परवडणारं नव्हतं, कारण इतक्या उंचीवर तो खालून आणायचा म्हणजे माणसांचे आणि जनावरांचे हाल.

आणि ज्या डोंगरावर हे सगळं उभं आहे तो तर थरांचाच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, पसरला, निवला. मग त्यावर पुढचा. पावसाळा संपता संपता, गवत पिवळं पडायच्या आधी, महाडकडून येताना सह्याद्रीच्या कड्यांकडे पाहिलं की हे आडवे पट्टे स्वच्छ दिसतात. मध्येच एखादा तांबड्या मातीचा पट्टा: दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात खालच्या खडकाची झीज होऊन झालेला. खालचा थर निवल्यावरच वरचा नीट बसतो, हा नियम डोंगरालाही लागू होता.

हाच नियम मी पहिल्यांदा घाटावर आजोळी ऐकला. मातीची भिंत घालताना आजोबा एका दिवसात एकच रद्दा, म्हणजे मातीचा एकच थर, घालू देत. दुसऱ्या दिवशी अंगठा दाबून पाहत. अंगठा रुतला तर काम बंद. अजिबात उमटला नाही तर वर पाणी मारून, ओरखडे काढून मगच पुढचा रद्दा. ओल्यावर चढवलं तर भिंत फुगते, पार वाळल्यावर चढवलं तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि तिथेच पुढे चीर पडते. आज काँक्रीट छापणाऱ्या यंत्रावर इंजिनिअर दिवसभर ज्या गोष्टीशी झगडतात ती हीच. पंपातून सरकेल इतकं पातळ, वरचं ओझं पेलेल इतकं घट्ट, आणि वरच्या थराला चिकटेल इतकं ओलं, असं मिश्रण त्यांना हवं असतं. आजोबांचा अंगठा तिथे मिनिटांत मोजला जातो.

कुळातली दुसरी शाखा मेणाची, आणि ती आपल्याकडे फार जुनी आहे. १९७४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दायमाबादला चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलगाडी हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, भरीव आणि वजनदार. आधी मेणात घडवायचं, त्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा: या पद्धतीला संस्कृतात मधूच्छिष्टविधान म्हणतात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या इ. स. ११३०च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात ती वर्णिली आहे, आणि त्यात एक हिशेब दिला आहे: मेणाच्या वजनाच्या बारा पट चांदी, सोळा पट सोनं. आज झवेरी बाजारात ओतकाम करणाऱ्या कारागिराला विचारा, तोही मेणाच्या वजनावरूनच धातू काढून घेतो. कॅरेटप्रमाणे आकडा थोडा हलतो इतकंच. मेण आणि सोनं यांच्या घनतेत नऊशे वर्षांत काय फरक पडणार!

मेणाचीच एक पाती नकाशांकडे गेली. १८९२ साली जोसेफ ब्लँथर नावाच्या माणसानं अमेरिकेत एक पेटंट मिळवलं. नकाशावरची समान उंचीची प्रत्येक रेषा मेणाच्या पातळ पत्र्यावर उमटवायची, त्या रेषेवर पत्रा कापायचा, पत्रे एकावर एक रचायचे आणि कडेच्या पायऱ्या घासून गुळगुळीत करायच्या. असा डोंगर आणि त्याचा उलटा साचा यांच्यामध्ये कागद दाबला की उठावाचा नकाशा तयार. माझ्या बाकावरच्या रायगडाचा हा सख्खा पूर्वज. आणि त्या 'पायऱ्या घासून' या शब्दांपाशी थांबायला हवं: ब्लँथरचे कडेही तिरकेच येत असणार.

आजच्या यंत्राचा जन्म मात्र उजेडातून झाला. जपानमध्ये नागोयाच्या महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी १९८०मध्ये, अतिनील प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या द्रवातून थराथरानं वस्तू घडवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढची प्रक्रिया मुदतीत पूर्ण झाली नाही आणि हक्क गेला. फ्रान्समध्ये तिघांनी जुलै १९८४मध्ये अर्ज केला, त्यांच्या संस्थांना त्यात धंदा दिसला नाही. तीन आठवड्यांनी, ८ ऑगस्ट १९८४ला, अमेरिकेत चार्ल्स हल यांचा अर्ज दाखल झाला. टेबलांवरचा लेप अतिनील दिव्यांनी वाळवणाऱ्या कंपनीत ते काम करत. तोच दिवा आणि तोच लेप घेऊन १९८३मध्ये त्यांनी डोळे धुवायची छोटी वाटी घडवली होती. १९८६मध्ये पेटंट मिळालं आणि कंपनीही निघाली. या तंत्राचे मूळपुरुष म्हणून नाव राहिलं ते हल यांचं. कोदामांचा विचार आला की वाईट वाटतं. कल्पना आधी सुचून भागत नाही, तिच्यामागे उभी राहणारी संस्था लागते, आणि हे आपल्या देशातल्या संशोधकांना वेगळं सांगायला नको.

ज्या जातीच्या यंत्रावर माझा रायगड छापला तिचा जन्म १९८८च्या सुमाराचा. स्कॉट क्रम्प यांनी मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला गरम गोंदाची बंदूक घेतली, आत प्लास्टिक आणि मेणबत्तीचं मेण यांचं मिश्रण भरलं आणि थर सोडत गेले. पुन्हा मेण! पुढे बंदुकीच्या जागी नोझल आलं आणि हाताच्या जागी मोटर.

भारतात हे यंत्र आलं ते वस्तू छापायला नव्हे, साच्याची चाकरी करायला. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालं तर आपल्याकडची वाढ समजत नाही. परदेशी मासिकांत 'प्रत्येक घरात कारखाना' अशी स्वप्नं छापून येत होती तेव्हा मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीत ही यंत्रं अंगठ्यांचे नमुने काढत होती. पूर्वी दागिन्याचा पहिला नमुना कारागीर चांदीत हातानं घडवायचा. त्यावर रबराचा साचा घ्यायचा, त्यात मेण भरून एकसारखे तुकडे काढायचे, ते मेणाच्या दांड्यावर फांद्यांसारखे चिकटवून झाड करायचं, झाडावर प्लास्टरसारखी माती ओतायची, भट्टीत मेण जाळायचं आणि सोनं ओतायचं. प्रिंटरनं या साखळीतली फक्त पहिली कडी बदलली: नमुना, किंवा थेट मेणाचा तुकडाच, संगणकावरच्या चित्रातून निघू लागला. पुढची सगळी वाट मानसोल्लासातली. मुंबईच्या इमॅजिनेरियमसारखी मोठी कंपनी दागिन्यांच्या नमुन्यांतूनच उभी राहिली आणि नंतर गाड्या, औषधोपचार, विमानं यांच्याकडे वळली.

पुण्या-चाकणकडे गाड्यांच्या कंपन्यांनी हेच केलं. डॅशबोर्डचा पोलादी साचा करायला लाखो रुपये आणि काही महिने जातात. त्याआधी तो हातात धरून, बसवून पाहता आला तर चूक स्वस्तात सापडते. कोल्हापूर-इचलकरंजीच्या फाउंड्र्यांत वाळूत ठसा उमटवायला लाकडी पॅटर्न लागतो, आणि तो करणारा सुतार वर्षानुवर्षांच्या सरावानंच तयार होतो. दोन-पाच नगांची ऑर्डर असेल तर लाकूड तासत बसण्यापेक्षा पॅटर्न छापून घेणं परवडतं. मुंबईच्या आयआयटीत बी. रवी यांनी ओतकाम आणि हे नवं तंत्र यांची सांगड घालण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, के. पी. करुणाकरन यांनी वेल्डिंगनं धातूचे थर चढवून मग तासणारं मिश्र यंत्र उभं केलं. करुणाकरन यांच्या यंत्रात भर घालणं आणि तासणं एका जागी आलं, आमच्या गडांवरच्या टाक्यांसारखं.

२००९मध्ये क्रम्प यांच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५मध्येच, स्वतःचेच भाग छापू शकेल असा उघड्या आराखड्याचा रेपरॅप प्रिंटर करायला घेतला होता. पेटंट गेलं, आराखडे मोकळे होते आणि किमती कोसळल्या. नवी मुंबईच्या डिव्हाइड बाय झीरोसारख्या कंपन्यांनी इथेच यंत्रं बनवून विकायला सुरुवात केली, ती याच उघडलेल्या दारातून.

पण त्याच्या कितीतरी आधी, शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी एक दार उघडलं होतं. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हातानं काम करत शिकावं, गावाच्या अडचणी हाच अभ्यास असावा, असा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांनी 'फॅब लॅब'ची, म्हणजे सर्वांना खुल्या छोट्या डिजिटल कार्यशाळेची, कल्पना मांडली तेव्हा अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२मध्ये या पाबळला झाली. न्यूयॉर्क-लंडनकडे पाहायची सवय असलेल्यांना हे अजूनही खरं वाटत नाही. तेव्हाच्या लॅबमध्ये भर कापणाऱ्या यंत्रांवर होता, प्रिंटर नंतर आले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे यंत्राआधी अडचण होती. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅब योजनेतून देशभर हजारो शाळांत प्रिंटर पोचले, प्रत्येक शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळालं. ही मोठी गोष्ट आहे. पण मी पाहिलेल्या एका शाळेत नोझल तुंबल्यावर प्रिंटरवर टेबलक्लॉथ टाकून ठेवला होता. दुरुस्त कोण करणार हे कोणी ठरवलंच नव्हतं, आणि मुलांना विचारलं असतं तर त्यांनी करून पाहिलं असतं.

साच्याची चाकरी सोडून हे यंत्र स्वतः वस्तू कुठे घडवू लागलं? जिथे प्रत्येक तुकडा वेगळा असतो, किंवा जिथे सांधा हाच शत्रू असतो तिथे.

माणसाची कवटी हे पहिलं उदाहरण. २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. महाराष्ट्रात कितीतरी रुग्णांचा वरचा जबडा, टाळू, कोणाचा डोळा काढावा लागला. जीव वाचला, पण घास तोंडात राहीना. अशा माणसाच्या जबड्याला तयार मापाचा तुकडा चालत नाही. सीटी स्कॅनमधून हाडाचा आकार काढायचा, त्यावर बसणारा टायटॅनियमचा तुकडा भुकटीतून लेझरनं थराथरानं वितळवून घडवायचा, हे तेव्हा चैनीचं राहिलं नाही. राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळावर मुंबई आयआयटीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपीत उभं राहिलेलं बेटिक हे केंद्र डॉक्टर आणि इंजिनिअर यांना एका टेबलावर बसवत आलं आहे. हे तंत्र मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इथेच.

दुसरं उदाहरण रॉकेटचं. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन पूर्वी चौदा भाग जोडून होत असे. इस्रोनं ते एकसंध छापता येईल असं पुन्हा आखलं, विप्रो थ्रीडीनं छापलं आणि ९ मे २०२४ला ते ६६५ सेकंद चालवून पाहिलं. वेल्डिंगचे १९ सांधे गेले. एका इंजिनाला जिथे ५६५ किलो धातू घ्यावा लागत असे तिथे १३.७ किलो भुकटी पुरली. हा आकडा वाचला तेव्हा मला टाक्यातला दगड तटाला लावणारे ते गवंडी आठवले. त्याच महिन्यात, ३० मे रोजी, चेन्नईच्या अग्निकुलचं एकसंध छापलेलं इंजिन घेऊन श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडालं.

फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्र सरकारनं या तंत्राचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. उद्दिष्टं अशी: जगाच्या बाजारातला ५ टक्के वाटा, १०० स्टार्टअप, ५०० उत्पादनं, ५० देशी तंत्रं. त्याची २०२५ची मुदत उलटून गेली. मला विचाराल तर स्टार्टअप मोजण्यापेक्षा भुकटी मोजावी. लेझर आणि चांगल्या प्रतीची धातूची भुकटी यांच्यासाठी आपण अजून मोठ्या प्रमाणात बाहेर पाहतो. सोनार सोनं बाहेरून आणतो पण मूस आणि मेण त्याच्या घरचं असतं. इथे मूसही परकी आहे.

घरांचं म्हणाल तर २०२१मध्ये चेन्नईच्या आयआयटीत त्वष्टा कंपनीनं छापलेलं पहिलं घर उभं राहिलं, २०२३मध्ये बंगळुरूत उलसूरचं टपाल कार्यालय दीड महिन्याच्या आत झालं. इथे महाड तालुक्यात बसून हे वाचताना मन तळियेकडे जातं. २२ जुलै २०२१ला तिथे डोंगर वाडीवर आला. अशा वेळी छापलेली घरं हा उपाय कोणी ना कोणी सुचवतोच. पण ते अवजड यंत्र घाटातल्या वळणांनी वर न्यायचं, पावसाळ्यात रद्दा धरायचा, आणि मुळात घर बांधायचं कुठल्या उतारावर, हे प्रश्न छापण्याच्या वेगानं सुटत नाहीत. उतार नीट मोजलेला असणं त्याआधी येतं.

इथे माझा तिरका कडा मला सापडला. मॉडेलसाठी मी उंचीचे आकडे फुकट मिळवले होते. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारनं जमिनीची उंची मोजली. त्या आकड्यांची सुमारे तीस मीटरची जाळी २०१४पासून टप्प्याटप्प्यानं सर्वांना खुली झाली. म्हणजे तीस मीटरला एक आकडा. माझ्या १:१०,००० मापात तीन मिलिमीटर. एका बिंदूला एकच उंची असल्यामुळे कड्याच्या पोटात आत गेलेला भाग तिथे असूच शकत नाही. फार उभ्या कड्यांपाशी रडारला जमीन दिसत नाही आणि आकड्यांत भोकं पडतात, ती दुसरीकडच्या किंवा शेजारच्या आकड्यांवरून बुजवलेली असतात. ब्लँथरनं मेणाच्या पायऱ्या घासल्या, इथे आकडे घासले गेले. माझ्या प्रिंटरनं मात्र इमानानं, दोन दशांश मिलिमीटरचा एक असे सुमारे दोनशे थर रचले, प्रत्येक थर म्हणजे डोंगराचे दोन मीटर. थरांत खोट नव्हती. थर कुठे संपवायचा हे सांगणाऱ्याला कडा माहीत नव्हता.

मावशींना हे सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, "कसा पायजे मग?" त्यांनी नख लावून दाखवलं: "इथनं तुटला. आनि इथं बुरूज."

घरी येऊन शाडूची माती भिजवली. त्यांच्या नखाची खूण मार्करनं धरून ठेवली होती. कानसीनं कड्याचा पाय घासला, वरच्या कडेला मातीची भर घातली आणि सुरीच्या पात्यानं ती सरळ उभी केली. दिवाळीचा किल्ला करताना लहानपणी हेच करायचो. बुरूज आकड्यांत कुठेच नव्हता. तीस मीटरच्या जाळीतून तो केव्हाच गळून गेला होता. या मापात तो मोहरीच्या दाण्याएवढा होतो. तेवढी माती चिमटीत गोल केली, सुईनं उचलली आणि तिथे ठेवली.